अर्का प्लेट आणि क्लॅम्प: आठ महिने वापरल्यावर

ट्रायपॉडवर कॅमेरा बसवण्यासाठी त्याच्या तळाला लावतात ती प्लेट, आणि तिला पकडून धरतो तो क्लॅम्प. प्लेट सैल होते ही तक्रार नेहमीची, पण नेमकी कुठे सैल होते ते फारसं कुणी बघत नाही. कॅमेरा आणि बॉलहेड (ट्रायपॉडचं गोळ्यावर कुठेही झुकणारं डोकं) यांच्यात तीन सांधे असतात: कॅमेऱ्याचा तळ आणि प्लेट, प्लेट आणि क्लॅम्प, क्लॅम्प आणि हेड. अर्का पद्धतीच्या (तिरक्या कडांच्या, ठरावीक रुंदीच्या) दोन प्लेट, एक स्क्रूचा क्लॅम्प आणि एक लिव्हरचा क्लॅम्प आठ महिने रोजच्या कामात वापरून माझं मत पक्कं झालंय: क्लॅम्पला उगाच बोल लागतो, दगा देतो तो बहुतेक वेळा वरचा पहिला सांधा.

ओळखायला सोपं आहे. कॅमेरा, प्लेट, क्लॅम्प आणि हेड यांच्यावर मास्किंग टेपचे छोटे तुकडे चिकटवा आणि सगळ्यांवरून एकच उभी रेघ ओढा. अर्ध्या तासाच्या कामानंतर रेघ जिथे तुटलेली दिसेल, तिथेच दोष.

पहिल्या सांध्यात सगळा भार एका पाव इंची स्क्रूवर असतो. आडवी फ्रेम असेल तोवर काही जाणवत नाही. उभ्या फ्रेमसाठी हेड बाजूच्या खाचेत झुकवलं की स्क्रू आडवा होतो आणि लेन्सचं वजन कॅमेऱ्याला त्याच्याभोवती पिळायला लागतं. मागून बघताना हेड डावीकडे झुकवलं, म्हणजे ग्रिप (कॅमेऱ्याची उजव्या हाताची पकड) वर आली, तर हा पीळ स्क्रू सैल करणाऱ्या दिशेनं बसतो. उजवीकडे झुकवलं तर घट्ट करणाऱ्या दिशेनं. आपली सवय नेमकी ग्रिप वर ठेवायची! जड लेन्स असेल तर उजवीकडची खाच वापरून बघा, फरक लगेच कळतो. खरा इलाज मात्र एल-ब्रॅकेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला आणि बाजूलाही लागणारी इंग्रजी L आकाराची प्लेट. त्यात उभ्या फ्रेमलाही वजन हेडच्या मधोमध राहतं आणि पीळ उरतच नाही.

माझ्या दोन प्लेटपैकी एकीवर पूर्ण रबर आहे. दुसरी धातूची, कॅमेऱ्याच्या मागच्या कडेला टेकणारा ओठ असलेली. रबर दबतं. सकाळी घट्ट केलेला स्क्रू मे महिन्याच्या उन्हात दुपारपर्यंत थोडा फिरतो, पुन्हा आवळावा लागतो. ओठवाली प्लेट आठ महिन्यांत एकदाही फिरली नाही. तुमच्या मॉडेलसाठी तशी मिळत असेल तर दुसरं काही बघू नका. फक्त बॅटरीचं झाकण प्लेट न काढता उघडतंय ना, ते घेण्याआधी तपासा.

बसवताना आधी दोन्ही पृष्ठभाग कोरड्या फडक्यानं पुसा. स्क्रू बोटानं टेकेपर्यंत फिरवा, ओठ कडेला दाबून धरा, मग ॲलन कीनं (षटकोनी किल्लीनं) साधारण पाव फेरा. नाण्यानं आवळायचा स्क्रू कधीच पुरेसा घट्ट होत नाही. मग एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात कॅमेरा धरून पिळून बघा. स्क्रू हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला लांब स्क्रू लावू नका. सोनीच्या माहितीपुस्तिकांत ५.५ मिमीपेक्षा कमी लांबीचा स्क्रू सांगितलेला असतो. लांब स्क्रू आत तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, प्लेट मात्र हलतच राहते. वर कॅमेऱ्याचे आटे खराब होतात ते वेगळंच.

आता क्लॅम्प. ‘अर्का’ हे सगळ्यांनी उचललेलं माप आहे, रुंदी साधारण ३८ मिमी, पण कंपनीगणिक थोडा फरक पडतो. स्क्रूचा क्लॅम्प तो फरक सांभाळून घेतो. लिव्हरचा झटपट आहे, पण एका ठरावीक रुंदीला बसवलेला असतो. माझी रबरवाली प्लेट लिव्हर पूर्ण बंद करूनही त्यात सरकते. लिव्हर घ्यायचाच असेल तर रुंदी जुळवता येणारा घ्या. स्क्रूच्या क्लॅम्पचा धोका म्हणजे अर्धवट आवळून हात सोडणं. त्यामुळे कॅमेरा वर ओढून बघितल्याशिवाय पट्टा हातातून सोडू नये.

प्लेटखाली दोन टोकांना बारीक अडसर-स्क्रू असतात, क्लॅम्प ढिला राहिला तरी प्लेट घसरून पडू नये म्हणून. क्लॅम्पमध्ये त्यांच्यासाठी खाच नसेल तर प्लेट त्या स्क्रूंवरच टेकून तरंगते. कडेनं बघा. प्लेट आणि क्लॅम्पच्या जबड्यामध्ये उजेडाची तिरकी फट दिसली तर प्लेट नीट बसलेली नाही. अशा वेळी अडसर काढावे लागतात, पण मग सावधगिरी दुप्पट.

तिसरा सांधा, क्लॅम्पच्या मधला स्क्रू. हा सैल झाला तर पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) क्लॅम्पसकट कॅमेरा फिरतो आणि आपण प्लेट आवळत बसतो. इथे निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब पुरतो. कॅमेऱ्याच्या स्क्रूला तो कधीही लावू नका.

समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर जबड्याच्या तिरक्या खाचा जुन्या टूथब्रशनं झाडा. वाळूचा एक कण अडकला तरी जबडा एका बाजूनंच धरतो. तेल लावू नये, धूळ चिकटते.