शिडाच्या होडीसाठी सुती कॅनव्हासचे आच्छादन: नाशिकच्या हिवाळ्यातील वापरानंतरचा अनुभव

दसऱ्याच्या सुमारास माझ्या शिडाच्या होडीसाठी मी सुती कॅनव्हासचे आच्छादन शिवून घेतले आणि आता, होळीच्या तोंडावर, ते हिवाळाभर वापरून झाल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. आपल्याकडे ताडपत्री किंवा आच्छादन विकणारा पहिले कौतुक करतो ते पाणी न गळण्याचे. परंतु नाशिकसारख्या ठिकाणी हिवाळाभर होडी झाकून ठेवायची असेल आणि मालक सत्तरीच्या पुढचा असेल, तर आतला ओलावा बाहेर पडतो की नाही आणि हे कापड एकट्या माणसाला काढता-घालता येते की नाही, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. पहिल्या बाबतीत हे कॅनव्हास उत्तम ठरले. दुसऱ्या बाबतीत ते निम्मेच उतरले आणि त्याची कारणे पुढे सविस्तर दिली आहेत.

होडीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण फायबरच्या होडीला यातील बरेचसे लागू होत नाही. माझी होडी एंटरप्राइज वर्गातील, प्लायवूडची आणि जुनी आहे. ब्रिटनच्या जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आराखडा केलेली ही दोन माणसांची होडी ४.०४ मीटर लांबीची असते आणि तिची शिडे निळी असतात. भारतात हा वर्ग अनेक वर्षे लोकप्रिय होता. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांमधील शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा एंटरप्राइज गटाचे सुवर्णपदक पाकिस्तानच्या बायराम आणि गोश्पी आवारी या पतिपत्नींनी जिंकले होते; त्या काळी ज्यांनी ही होडी पाहिली त्यांच्यापैकी कित्येक जण आज माझ्याच वयाचे असतील. लाकडी होडीचा खरा शत्रू गोडे पाणी होय. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला आळा बसतो, तर पावसाचे किंवा दवाचे पाणी सांध्यांत साचून राहिले आणि लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर टिकला, की बुरशी आपले काम सुरू करते आणि वरचे व्हार्निश शाबूत असताना आतले प्लाय भुसभुशीत होत जाते.

हिवाळ्यात होडी पाण्याबाहेर का ठेवतो, असा प्रश्न मुंबईकर स्नेही हमखास विचारतात, कारण त्यांच्याकडे पावसाळा संपल्यावर जो हंगाम सुरू होतो तो पुढचा पावसाळा येईपर्यंत चालतो आणि हिवाळा हा त्यातील सर्वांत सुखाचा भाग असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि येथील हिवाळ्याचा स्वभाव वेगळा आहे. जलाशय तुडुंब भरलेले असतात, परंतु वारा पडलेला असतो. सकाळी पाण्यावर धुके आणि दुपारी शिडाला नुसती हूल देणारी झुळूक, असे महिनेच्या महिने चालते. मार्चपासून दुपारनंतर पश्चिमेचा वारा धरू लागतो, पण तेव्हा शेतीसाठी कालव्यांची आवर्तने सुटून पाणी काठापासून मागे सरकू लागलेले असते. वारा आणि पाणी दोन्ही बऱ्यापैकी हाती लागतील असा काळ आमच्या वाट्याला थोडाच येतो आणि त्यासाठी होडी त्या वेळी सज्ज असणे हाच हिवाळ्यातील सगळ्या खटाटोपाचा हेतू असतो. दुसरे कारण वयाचे आहे. ही होडी उलटली तर तिच्या सेंटरबोर्डवर, म्हणजे तळाच्या मधून पाण्यात सोडलेल्या उभ्या फळीवर चढून, अंगाचा भार देऊन ती सरळ करावी लागते. थंड पाण्यात भिजलेल्या अंगाने आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी ते करण्याची वेळ डिसेंबरात येऊ नये, असे डॉक्टरांनी सांगितले आणि मलाही ते पटले.

आता मुख्य विषयाकडे येतो. बोट झाकून ठेवण्यासंबंधीची इंग्रजी पुस्तके वाचली तर त्यांत इंजिनमधील पाणी गोठून ठोकळा तडकणे आणि बर्फाच्या वजनाने आच्छादन फाटणे यांवर प्रकरणेच्या प्रकरणे असतात. येथे त्यांपैकी काहीच होत नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातील नोंदीनुसार पारा ५ अंशांच्या आसपास उतरल्याच्या बातम्या येतात, तेव्हा द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटतात. परंतु होडीला त्या थंडीने इजा होत नाही. इजा होते ती दवाने. निरभ्र रात्री उघड्यावरचे कोणतेही पातळ कापड आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि त्या थंड पृष्ठभागावर बाष्प जमते. ते बाहेरून जमते तसेच आतूनही जमते, कारण होडीखालची माती आणि होडीचे लाकूड दिवसभर थोडे थोडे बाष्प सोडत असतात. आधीच्या हिवाळ्यांत मी सर्वत्र मिळणारी निळी प्लॅस्टिकची ताडपत्री वापरत असे. तिच्यावर बाहेरून बादलीभर पाणी ओतले तरी थेंब आत येत नसे, मात्र पहाटे तिच्या आतल्या बाजूने थेंबांच्या रांगा लागत आणि त्या नेमक्या होडीच्या तळाशी ओघळत. आमच्या ओळखीचे पिंपळगावचे एक बागायतदार ते पाहून म्हणाले, "काका, पानावर दव टिकलं की आमच्याकडे डावणी येते, तुमची होडी तर रोज रात्री दवातच झोपते." डावणी हा द्राक्षाचा बुरशीजन्य रोग; त्यांचे म्हणणे अगदी नेमके होते.

सुती कॅनव्हासचा गुण असा, की आतल्या बाजूला जमणारा ओलावा त्याचे धागे शोषून घेतात आणि ऊन वर आले की तो बाहेरच्या बाजूने उडून जातो. डिसेंबरच्या मध्यापर्यंत मी रोज सकाळी हात घालून होडीचा तळ चाचपत असे. तो कोरडा लागायचा. सांध्यांच्या कडा, सेंटरबोर्डच्या पेटीचा खालचा भाग आणि मागच्या फळीचे कोपरे ही जी नेहमीची दुखणी आहेत, तेथेही यंदा काळपट डाग दिसले नाहीत. अर्थात याचे सगळे श्रेय कापडाला देणे योग्य होणार नाही. होडी ट्रेलरवर नाळ उंच आणि मागची बाजू खाली अशी ठेवली होती, पाणी निघून जाण्याच्या भोकाचे बूच काढलेले होते, तरंगण्यासाठी असलेल्या हवेच्या कप्प्यांची झाकणे उघडी होती आणि होडीखालच्या मातीवर जुने प्लॅस्टिक अंथरले होते, जेणेकरून जमिनीतली ओल वर येऊ नये. बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या दांड्याला, आढ्यासारखे आडवे टांगून त्यावरून कापड दोन्ही बाजूंना उतरते केले आणि पुढच्या व मागच्या टोकाला वीतभर फट मोकळी सोडली. ही फट सोडायला कारागीर तयार नव्हता. "मग झाकायचं कशाला?" असा त्याचा प्रश्न होता. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीत उमेदीची वर्षे गेल्यामुळे झाकलेल्या वस्तूला श्वास लागतो हे मला शिकवावे लागले नाही, त्याला मात्र पटवावे लागले. या फटीतून एक मांजर आत शिरून पंधरवडाभर मुक्कामाला राहिली, हा फटीचा एकमेव तोटा. पुढे तेथे मी माशांच्या जुन्या जाळ्याचे तुकडे बांधले.

कॅनव्हासविषयी दोन गोष्टी विकत घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. नवे कॅनव्हास पहिल्या पाण्याला शिवणीतून झिरपते, कारण सुईची भोके मोकळी असतात. ते एकदा पूर्ण भिजवून सुकवले की धागे फुगतात, वीण घट्ट होते आणि झिरपणे बहुतांशी थांबते. म्हणून आच्छादन होडीवर चढवण्याआधी अंगणात पसरून नळीने दोनदा भिजवावे. त्याच भिजण्याने ते आटतेही, आणि हे अधिक महत्त्वाचे आहे. लांबीत हातभर सूट ठेवून शिवल्यामुळे माझे निभावले. बेतशीर मापाने शिवले असते तर पहिल्या अवकाळी पावसानंतर पितळी रिंगा ओढल्या जाऊन कापडातून निघाल्या असत्या. कडेने ओवलेली दोरी सुती घेऊ नये, तीही भिजली की आखडते आणि कापडावर ताण आणते. मी नायलॉनची दोरी घेतली आणि चार ठिकाणी लवचिक बंजीचे तुकडे जोडले, त्यामुळे ओले-सुके होताना कापड स्वतःहून सैल-घट्ट होत राहते. ओले कॅनव्हास घडी करून ठेवणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण एका रात्रीत कुबट वास धरतो आणि आठवड्यात काळी बुरशी पडते.

आता उणी बाजू. कोरडे असताना हे आच्छादन मला सहज उचलता येते. दवाने भिजल्यावर त्याचे वजन इतके वाढते, की सकाळी दहाच्या आत ते काढण्याचा विचारही करता येत नाही, आणि एकट्याने ओढायला गेले तर खांद्यात उसण भरण्याची खात्री. शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते, आणि त्याची शाळा सकाळची. तरुण मालकाला ही तक्रार क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याला होडीजवळ जाण्याची हुरूप दिवसातून एखाद्या वेळीच येते, त्याच्या दृष्टीने जड आच्छादन म्हणजे बंद दार असते. जानेवारीत मी ते कारागिराकडे परत नेऊन डोलकाठीच्या खोबणीपाशी आडवे दोन भागांत करून घेतले, पुढचा भाग मागच्या भागावर हातभर चढेल असा. त्यानंतर मागचा अर्धा भाग एकट्याने गुंडाळता येऊ लागला आणि होडीत बसून काम करणे शक्य झाले. सुरुवातीलाच दोन भागांत शिवून मागितले तर शिवणावळ थोडीच वाढते. दोन्ही भाग जोडण्यासाठी लावलेली वेल्क्रोची पट्टी मात्र कुचकामी निघाली. तिच्यात धूळ आणि गवताचे कुसळ भरून महिन्याभरात तिची पकड गेली, म्हणून आता लाकडी खुंट्या आणि दोरीचे फासे लावले आहेत. थंडीने आखडलेल्या बोटांनाही ते उघडता येतात.

या आच्छादनाचा एक लाभ मी गृहीत धरलेला नव्हता. मागचा भाग अर्धा वर करून बांधला की आत सावलीचे, वारा न लागणारे, दुपारी सुखद उबदार असे कामाचे ठिकाण तयार होते. दुरुस्तीसाठी इपॉक्सी हा दोन घटक मिसळून घट्ट होणारा चिकट पदार्थ वापरणाऱ्यांना ठाऊक असेल, की तापमान साधारण १० अंशांनी घसरले की ते घट्ट होण्यास लागणारा वेळ जवळपास दुप्पट होतो. म्हणून उघड्यावर संध्याकाळी भरलेला सांधा दुसऱ्या दिवशीही चिकट राहतो. मी अकरा ते दोन या वेळात आच्छादनाखाली काम उरकत गेलो आणि संक्रांतीपर्यंत मागच्या फळीचे सर्व सांधे भरून झाले. व्हार्निशचे हात मात्र त्यानंतरच दिले, कारण दिवस लहान असताना दुपारी लावलेले व्हार्निश सुकण्याआधी दव पडू लागले तर त्यावर पांढुरकी झाक येते आणि ती घासून काढण्यावाचून इलाज उरत नाही. घरचे याला विरंगुळा म्हणतात. वाऱ्याची वाट पाहण्याचे महिने हातात सँडपेपर घेऊन सरले, याबद्दल माझी काही तक्रार नाही.

उन्हापासून संरक्षणाचा मुद्दा थोडक्यात सांगतो. दवानंतरचा दुसरा शत्रू ऊन हाच आहे आणि नाशिकच्या हिवाळ्यातील स्वच्छ आकाशात ते दिवसभर तळपत असते. व्हार्निश, दोर आणि पॉलिएस्टरची शिडे यांना अतिनील किरणांनी जी झीज होते ती थंडीच्या दिवसांत थांबत नाही. कॅनव्हास या बाबतीत निळ्या ताडपत्रीपेक्षा कितीतरी सरस आहे. ती ताडपत्री एका उन्हाळ्यात चुरचुरीत होऊन तिच्या धाग्यांचा भुसा होडीत पडत असे. शिडे मी होडीत ठेवतच नाही. ती गोड्या पाण्यात धुऊन, सुकवून, सैल गुंडाळून घरात कपाटावर ठेवलेली असतात, आणि दरवर्षी घडीची जागा बदलावी म्हणजे कापड एकाच रेषेत मोडत नाही.

किंमत कापडाच्या वजनानुसार बदलते, म्हणून आकडा देण्यात अर्थ नाही. माझा एकूण खर्च निळ्या ताडपत्रीच्या अनेकपट झाला, परंतु तयार बोट-कव्हर बाहेरून मागवण्याचा खर्च वाहतुकीसह त्याहूनही अधिक सांगितला गेला. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे कारागीर असे काम उत्तम करतात. त्यांची यंत्रे जाड कापडाची असतात आणि दुहेरी शिवण त्यांच्या हातातच बसलेली असते. फक्त होडीचा आकार त्यांना जागेवर येऊन पाहायला लावावे, कागदावरच्या मापांवर सोडू नये. धागा पॉलिएस्टरचाच घ्यावा आणि रिंगा पितळी आहेत याची चुंबक लावून खात्री करावी, कारण वरून पिवळा मुलामा दिलेल्या लोखंडी रिंगा दोन महिन्यांत गंजून कापडावर तपकिरी ओघळ सोडतात.

ज्यांची होडी फायबरची आहे, ज्यांच्याकडे पत्र्याची का होईना पण चारी बाजूंनी हवा खेळणारी शेड आहे किंवा जे हिवाळ्यातही दर आठवड्याला पाण्यावर जातात, त्यांनी या कॅनव्हासवर पैसे घालू नयेत. त्यांना हलके शेडनेट आणि वरून एक साधी ताडपत्री पुरेशी होईल. लाकडी होडी उघड्या अंगणात असेल आणि ती ओढायला एकच माणूस असेल, तर कॅनव्हास घ्यावे, दोन भागांत शिवून घ्यावे आणि वेल्क्रोला स्पष्ट नकार द्यावा. पावसाळ्यासाठी हे आच्छादन पुरेल असे मला वाटत नाही. सतत भिजत राहिलेले सुती कापड सुकण्याची संधीच मिळत नसल्यामुळे कुजेल, म्हणून जूनच्या आधी ते धुऊन, कडक उन्हात वाळवून माळ्यावर टाकणार आहे आणि त्या चार महिन्यांसाठी होडीवर उंच बांबूंच्या आधाराने प्लॅस्टिकचे छप्पर उभारण्याचे माप कारागिराला देऊन ठेवले आहे.