पंचमुखी रुद्राक्षाची गाठींची जपमाळ : नियमित वापरानंतरचा अभिप्राय

जपमाळ निवडताना आपले लक्ष बहुधा मण्याकडे जाते: त्याचा रंग कसा आहे, मुखे (म्हणजे मण्यावरच्या उभ्या रेघा) किती आहेत, तो खरा आहे की बनावट. आसने आणि प्राणायाम आटोपून मंत्रजपाला बसणाऱ्या साधकाची गरज मात्र वेगळी असते. मोजणीचे काम बोटांनी परस्पर करावे आणि मन मंत्रापाशी राहावे, एवढेच त्याला माळेकडून हवे असते. मी नियमितपणे वापरत असलेल्या माळेविषयी येथे लिहीत आहे ते याच कसोटीवर. सुमारे ८ मिलिमीटर जाडीचे १०८ पंचमुखी रुद्राक्ष, सुती दोरा, प्रत्येक दोन मण्यांमध्ये एक गाठ, शेवटी मेरुमणी (माळेची सुरुवात आणि शेवट दाखवणारा मणी) आणि त्याखाली गोंडा, असे तिचे स्वरूप आहे.

या माळेचे खरे बळ तिच्या गाठींत आहे. बिनगाठीच्या माळेत मणी एकमेकांना चिकटून बसतात, एक ओढला की दुसरा त्याच्यामागे घसरतो, आणि डोळे मिटलेले असताना एक मणी सरकला की दोन, अशी शंका मनात आली की जप तेथेच तुटतो. गाठ असली की प्रत्येक मण्याला स्वतःची जागा मिळते. मधल्या बोटाच्या पेरावर टेकलेला मणी अंगठ्याने आपल्याकडे ओढला की क्षणभर नुसता दोरा बोटाला लागतो, मग गाठीचा बारीक उंचवटा आणि मग पुढचा मणी. ही क्षणभराची मोकळी जागा मला फार मोलाची वाटते, कारण एक मंत्र संपून दुसरा सुरू होण्यापूर्वीचा विराम तेथे आपोआप सापडतो. शिवाय मण्यांचा एकमेकांवर आपटून होणारा आवाज थांबतो आणि दोरा कधी तुटलाच तर सगळे मणी घरभर विखुरत नाहीत.

गाठींमुळे लांबी वाढते, हे मात्र घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे. ८ मिलिमीटरचे १०८ मणी म्हणजे नुसत्या मण्यांचीच लांबी ८६ सेंटिमीटरच्या वर जाते, आणि गाठी धरल्या तर माळेचा घेर एक मीटरच्या आसपास भरतो. पद्मासनात किंवा सुखासनात हात गुडघ्यावर ठेवून जप केला तर माळेचा खालचा भाग जमिनीला लागतो. हात छातीशी धरावा, नाहीतर गोमुखी, म्हणजे हात आणि माळ आत ठेवून जप करण्याची कापडी पिशवी, वापरावी. मी गोमुखीच सुचवेन. तिच्यात तर्जनी बाहेर राहते, त्यामुळे तर्जनीचा स्पर्श माळेला होऊ देऊ नये हा संकेतही सहज पाळला जातो. ज्यांचे हात लहान आहेत त्यांना ६ मिलिमीटरचे मणी अधिक सोयीचे वाटतील.

रुद्राक्षाच्या खडबडीतपणाबद्दल काहींची तक्रार असते. मला तो गुण वाटतो. स्फटिकाची माळ दिसायला देखणी आणि स्पर्शाला थंड असते, पण तिचे गुळगुळीत मणी बोटांना घाई करायला लावतात. रुद्राक्षाच्या खाचा बोटाला धरून ठेवतात आणि जपाची गती संथ राहते. ही गती महत्त्वाची आहे. लुचिआनो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ निरोगी प्रौढांची पाहणी केली होती. ख्रिस्ती जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, या दोन्हींच्या पठणाने श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरली, असे त्यांना आढळले. एका श्वासाला एक मंत्र या हिशेबाने एक माळ पूर्ण व्हायला १८ मिनिटे लागतात. दोन-तीन मिनिटांत माळ उरकत असेल तर त्या जपात श्वासाला स्थिर व्हायला अवसरच मिळत नाही. ‘तज्जपस्तदर्थभावनम्’ हे पतंजलींचे सूत्र जपाबरोबर अर्थाचे चिंतनही अपेक्षिते, आणि त्यालाही वेळ द्यावाच लागतो.

आता उणिवा. मेरुमणी इतर मण्यांपेक्षा जेमतेम मोठा आहे. मेरू ओलांडायचा नसतो, तेथून माळ फिरवून उलट दिशेने जप सुरू करायचा असतो. म्हणून तो बोटाला लागताक्षणी वेगळा जाणवला पाहिजे. येथे तो अनेकदा गोंडा लागल्यावरच कळतो. बनवणाऱ्याने १२ मिलिमीटरचा मणी वापरला असता तर हा दोष राहिला नसता. गोंडाही नुसता डिंकाने चिकटवलेला होता आणि लवकरच निसटला; तो मी गाठ मारून पुन्हा बसवला. माळेसोबतच्या पत्रकात ती गळ्यात घातल्याने रक्तदाब बरा होतो असे लिहिले आहे, ते मला अजिबात पटत नाही. माळ हे साधनेचे उपकरण आहे, औषध नव्हे. कोणी त्या भरवशावर गोळ्या बंद करू नयेत.

खरेखोटेपणाविषयी थोडेच सांगणे पुरे. पंचमुखी रुद्राक्ष सर्वांत विपुल मिळतो, त्यामुळे त्याची नक्कल करण्यात फारसा लाभ नसतो. कोरून किंवा चिकटवून बनवलेले मणी प्रामुख्याने दुर्मिळ मुखांच्या नावाने विकले जातात. पाण्यात बुडतो तो खरा, ही परीक्षाही भरवशाची नाही, कारण वाळलेला अस्सल मणी तरंगू शकतो आणि जड नकली मणी बुडू शकतो. मुखाच्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जातात का, एवढे भिंगातून पाहावे. मुखाला मुख आणि पुच्छाला पुच्छ (येथे मुख आणि पुच्छ म्हणजे मण्याची दोन टोके) लावून मणी ओवण्याची जुनी रीत या माळेत पाळलेली आहे, याचे मला समाधान वाटले.

नव्याने मंत्रध्यान सुरू करणाऱ्याला आणि हाताला घाम फारसा न येणाऱ्याला ही माळ मी निःशंकपणे सुचवेन. घाम येणाऱ्यांनी मात्र सुती दोऱ्याऐवजी रेशमी दोरा मागावा, कारण सूत ओलावा धरते आणि गाठीपाशी कुजते. साबण लावू नये. मऊ ब्रशने खाचांतील धूळ काढून तेलाचा अगदी हलका हात फिरवावा, आणि गाठींजवळ दोरा विरलेला दिसू लागताच माळ नव्याने ओवून घ्यावी.