ताशी ३० च्या रस्त्यावर गाडीतला स्पीड लिमिटर: कोणता कामाचा, कोणता नुसता कान किटवणारा

शहरातल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आली की मोटारचालक वेळेबद्दल बोलतात, पण रोजचा त्रास नजरेचा असतो. रस्ता बघायचा की काटा? ही तक्रार बेफिकीर चालकाची नाही. नियम पाळायला निघालेल्यालाच ती जास्त छळते. आजच्या गाडीत इंजिनाचा आवाज जेमतेम ऐकू येतो, काचा बंद असतात, सस्पेन्शन खड्डे गिळून टाकतं. ३० आणि ३८ मधला फरक शरीराला कळतच नाही. पूर्वी आवाज आणि थरथर यांवरून वेगाचा अंदाज यायचा, आता त्यासाठी पुन्हा पुन्हा खाली बघावं लागतं. आणि अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असताना खाली बघणं परवडत नाही.

या त्रासावर गाडीतच साधनं आहेत: साधा स्पीड लिमिटर, क्रूझ कंट्रोल (पाय उचलला तरी ठरवलेला वेग राखणारी सोय), पाटी वाचून इशारा देणारी यंत्रणा, आणि पाटी वाचून स्वतःच मर्यादा लावणारा लिमिटर. ३० च्या रस्त्यावर चालकाची नजर समोर ठेवायला कोण किती मदत करतं, या एकाच कसोटीवर त्यांना इथे पारखलं आहे.

साधा लिमिटर यात सगळ्यात जुना आणि सगळ्यात दुर्लक्षित. स्टिअरिंगवर किंवा त्यामागच्या दांडीवर ‘लिम’ असं बटण असतं. ते दाबायचं, गाडी ३० वर आणायची, ‘सेट’ दाबायचं. गाडी पायानेच चालवायची, फक्त ॲक्सिलरेटर पार तळाला नेल्याशिवाय ३० च्या वर इंजिन जोर देत नाही. पेडल हाताबाहेर गेल्यासारखं वाटत नाही, ते एका जागी मऊ पडतं एवढंच. पाय पेडलवर असल्यामुळे ब्रेकवर जायला नेहमीइतकाच वेळ लागतो. क्लच दाबला, गिअर बदलला तरी लिमिटर सुटत नाही, त्यामुळे मॅन्युअल गाडीतही तो शहरात चालतो. वेग आकड्यात बांधला गेला की नजर आरशांकडे, उभ्या गाड्यांच्या मधल्या फटींकडे, सायकलस्वाराच्या खांद्याकडे जायला मोकळी होते. पाच-सहा दिवस वापरला की काट्याकडे बघायची सवय आपोआप कमी होते. आमच्या मते या रस्त्यांसाठी लिमिटरइतकं उपयोगी बटण गाडीत दुसरं नाही.

मात्र तो सेट कोणत्या आकड्यावर करायचा, इथे बहुतेकजण चुकतात. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, असा संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमाचा दंडक आहे. जास्त दाखवायला मात्र मुभा आहे: प्रवासी गाडीसाठी खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर. म्हणजे गाडी खरोखर ४० ने जात असताना काट्याने ४८ दाखवलं तरी ते नियमात बसतं. प्रत्यक्षात फरक सहसा इतका नसतो, पण दोन-तीन किलोमीटरचा असतोच. काट्यावर ३० लावून चालणारी गाडी खरं तर २७-२८ ने जात असते, आणि मागचा चालक वैतागून चिकटतो.

हा फरक आपल्या गाडीत किती आहे ते एकदा मोजून ठेवावं. मोकळा, सपाट, सरळ रस्ता निवडायचा, लिमिटर ३० वर लावून गाडी वीस-तीस सेकंद स्थिर वेगात ठेवायची आणि शेजारी बसलेल्याने फोनवरचा जीपीएस वेग वाचायचा. उंच इमारतींच्या गल्लीत हे करू नये, तिथे सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि आकडा नाचतो. वेग वाढत किंवा कमी होत असतानाही वाचू नये, कारण जीपीएसचा आकडा थोडा मागून येतो. दोन्ही दिशांनी दोन-दोन वेळा घेतलेल्या आकड्यांत २८ येत असेल, तर लिमिटर ३१ वर लावला तरी खरा वेग २९ च्या आसपास राहतो. टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो: ८ मिलिमीटरची नक्षी १.६ वर आली की मीटर सुमारे दोन टक्के जास्त दाखवू लागतो. नवे टायर बसवले की उलट होतं. म्हणून टायर बदलल्यावर पुन्हा मोजावं, वेगळ्या मापाचे घातले असतील तर नक्कीच.

लिमिटरचे दोषही आहेत. उतारावर बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत तो फक्त इंजिनाचा जोर काढून घेतो, ब्रेक लावत नाही. गाडी उतारानेच ३५ वर जाते, आकडा लुकलुकतो, फार तर एक घंटी वाजते. अशा रस्त्यावर दुसरा गिअर टाकून इंजिनाच्या ब्रेकिंगवर भिस्त ठेवावी. विजेच्या गाड्यांत रीजनरेशन (मोटरनेच गाडी मंद करून ती ऊर्जा बॅटरीत परत घेणं) हे काम बरंच नीट करतं. दुसरा घोळ ‘रेझ’ बटणाचा. आधी महामार्गावर ११० लावला असेल तर ‘रेझ’ दाबल्यावर तोच आकडा परत येतो आणि गल्लीत लिमिटर असून नसल्यासारखा होतो. तिसरी चूक गंभीर आहे. पुष्कळ गाड्यांत लिमिटर आणि क्रूझ एकाच दांडीवर असतात. चुकून क्रूझ लागला तर पाय उचलल्यावरही गाडी पुढे जातच राहते. सेट केल्यावर डॅशबोर्डवरचं चिन्ह एकदा बघायचं, ही सवय हवीच.

झोन संपल्यावर लिमिटर तसाच राहिला तर? मोठ्या रस्त्यावर शिरताना गाडी एकदम मेल्यासारखी वाटते आणि नवखा चालक घाबरतो. उपाय सोपा आहे. पेडल शेवटपर्यंत, खटका लागेल इतकं किंवा पार तळाला दाबलं की मर्यादा तात्पुरती सुटते. वेग पुन्हा खाली आला की ती परत लागू होते. हे एकदा रिकाम्या रस्त्यावर करून बघावं. कोणाची गाडी घेऊन जात असाल तर निघण्याआधीच विचारून घ्यावं. साधा लिमिटर: ५ पैकी साडेचार.

क्रूझ कंट्रोलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण या कामाला तो नाहीच. कित्येक गाड्यांत तो ३० किंवा ४० च्या खाली लागतच नाही. लागला तरी पाय जमिनीवर विसावतो, आणि चेंडूमागे मूल धावत आलं तर तिथून ब्रेकपर्यंतचा प्रवास लांबतो. पुढच्या गाडीचं अंतर राखणारा ॲडॅप्टिव्ह क्रूझ गर्दीत आराम देतो, पण पादचाऱ्याची जबाबदारी तो घेत नाही. गल्लीत दीड, रांगेच्या वाहतुकीत साडेतीन.

ज्याच्यावरून सध्या सर्वाधिक वाद आहे ती इशारा देणारी यंत्रणा. युरोपीय संघाच्या २०१९ च्या सामान्य सुरक्षा नियमाखाली ती जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला बंधनकारक झाली. कॅमेरा पाटी वाचतो, नकाशातली मर्यादा त्याला जोडली जाते आणि वेग जास्त असेल तर चालकाला कळवलं जातं. कळवण्याचे चार मार्ग नियमाला मान्य आहेत: आधी दिवा मग आवाज, आधी दिवा मग थरथर, पायाला उलटा दाब देणारं पेडल, किंवा इंजिनाचा जोर हळूच कमी करणं. चालक यातला कोणताही मार्ग पेडल दाबून ओलांडू शकतो आणि यंत्रणा बंदही करू शकतो. पण गाडी पुन्हा सुरू केली की ती पुन्हा चालू होते.

चारांपैकी पाहावं तिथे आवाजच जास्त भेटतो, आणि तोच सगळ्यात कुचकामी आहे. आवाज येतो मर्यादा ओलांडून झाल्यावर. ३० च्या रस्त्यावर काटा ३१-३२ मध्ये खेळत असतो, तेव्हा घंटी वाजते, थांबते, पुन्हा वाजते. चालक आवाजाचं कारण शोधायला खाली बघतो, म्हणजे ज्या त्रासासाठी यंत्रणा आणली तोच ती वाढवते. दोन आठवड्यांत कान किटतात आणि मग ती रोज बंद करणं हा गाडी सुरू करण्याचाच एक भाग होऊन बसतो. उलटा दाब देणारं पेडल याच्या कितीतरी पुढे आहे, कारण इशारा थेट ज्या पायाने चूक केली त्याच पायाला मिळतो. नियमात जागा असताना ते इतक्या कमी गाड्यांत दिसावं याचं वाईट वाटतं.

आकडा चुकतो कुठे, हेही समजून घ्यावं. ३० च्या झोनची पाटी फक्त प्रवेशावर असते, आत प्रत्येक चौकात नसते. गाडी वळली की काही यंत्रणा आधीची पाटी विसरतात आणि नकाशातले जुने ५० दाखवतात. शेजारच्या समांतर रस्त्याची पाटी, झाडाआड झाकलेली पाटी, ‘फक्त शाळेच्या वेळेत’ अशी जोडपाटी, रस्ताकामाची उचलायला विसरलेली पाटी, हे सगळे नेहमीचे सापळे आहेत. युरोपात अवजड वाहनांच्या मागे त्यांच्या कमाल वेगाचा गोल स्टिकर असतो, तोही कधी कधी रस्त्याची पाटी म्हणून वाचला जातो. काच मळली असेल किंवा मावळतीचा सूर्य समोर असेल तर चुका वाढतात. वायपर फिरतो त्या भागातली कॅमेऱ्यासमोरची काच स्वच्छ ठेवणं आणि नकाशा अद्ययावत करणं, एवढं चालकाच्या हातात असतं. आवाजाची यंत्रणा: दोन. पेडलवाली: चार.

चौथा प्रकार, पाटी वाचून स्वतः आकडा बदलणारा लिमिटर, कागदावर सर्वांत हुशार आहे. त्यात एक सेटिंग महत्त्वाचं: नवा आकडा आपोआप लागू व्हावा की चालकाने बटण दाबून मान्य करावा. दुसरंच निवडावं. ट्रकमागचा ९० चा आकडा गल्लीत आपोआप मान्य झाला तर लिमिटर निघून गेल्यासारखंच. नकाशावर उगाच ३० दिसून वेगवान रस्त्यावर गाडीचा जोर ओसरणं तर मागून येणाऱ्यासाठीही धोक्याचं. मान्यतेच्या बटणासह पावणेपाच, त्याशिवाय तीन. फोनवरची नेव्हिगेशन ॲपं वेग आणि मर्यादा दाखवतात, पण गाडीला थांबवत नाहीत. जुन्या गाडीत फरक मोजायला ती चांगली, याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

आता मूळ वादाकडे, म्हणजे ३० ची मर्यादा हवी की नको याकडे. ब्रसेल्सने जानेवारी २०२१ मध्ये आणि पॅरिसने त्याच वर्षी ऑगस्टअखेर बहुतेक रस्त्यांवर ३० लागू केले, स्पेनने मे २०२१ पासून प्रत्येक दिशेला एकच लेन असलेल्या शहरी रस्त्यांवर. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ ला वस्तीतली सर्वसाधारण मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, झाली आणि विरोधातल्या याचिकेवर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या. इतकी माणसं उगाच सही करत नाहीत. रुंद, सरळ, घरं नसलेल्या रस्त्यावर पाटी तेवढी बदलली आणि रस्ता तसाच ठेवला, तर तिथे पाय सतत आवरून धरावा लागतो. तिथली मर्यादा पुन्हा तपासा ही मागणी रास्त आहे, आणि मोटारचालकांच्या संघटनांनी ती रस्त्याच्या नावानिशी लावून धरावी.

पण गल्लीबोळांतल्या ३० ला विरोध करण्याआधी दोन हिशेब करावेत. एक सेकंद प्रतिक्रियेचा धरला, कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरले, तर ३० वरची गाडी सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. ५० वरची गाडी त्या एका सेकंदातच जवळपास १४ मीटर गेलेली असते, म्हणजे पहिली जिथे थांबली तिथे दुसरीचा ब्रेक लागायचाच असतो, ती पूर्ण वेगात असते. वेळेचा हिशेब: न थांबता एक किलोमीटर जायला ३० ने १२० सेकंद, ५० ने ७२. फरक ४८ सेकंदांचा, आणि तोही सिग्नल, वळणं, झेब्रा क्रॉसिंग काहीच नसेल तर. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतच्या पाचशे मीटरमध्ये तो २४ सेकंदांवर येतो, आणि पहिल्या लाल दिव्याला त्यातलेही बरेच विरून जातात.

इंधनाची तक्रार अर्धी खरी आहे. दुसऱ्या गिअरमध्ये स्थिर ३० पेक्षा वरच्या गिअरमधलं स्थिर ५० पेट्रोल गाडीला अनेकदा स्वस्त पडतं. पण गल्लीत स्थिर ५० मिळतंच कुठे? दर चौकानंतर शून्यापासून ५० वर जायला ३० वर जाण्याच्या पावणेतीनपट ऊर्जा लागते आणि पुढच्या चौकात ती ब्रेकमध्ये जळते. लिमिटर लावून ३० वर चालताना गिअर दुसरा ठेवावा. तिसऱ्यात इंजिन गुरगुरत असेल, पेडलला झटके बसत असतील, तर त्याला ओढत नेऊ नये.

नवी गाडी बघायला गेलात तर टेस्ट ड्राइव्हवर पाच मिनिटं याच कामाला द्या. लिमिटर ३० वर लागतो का, की खालची हद्द ४० आहे? तो रस्त्यावरून नजर न हटवता लावता येतो का, की स्क्रीनच्या तिसऱ्या पानावर आहे? सेट केल्यावर वेग ३० वर स्थिर राहतो, की २८ ते ३२ मध्ये हिंदकळतो? आवाज एका बटणाने गप्प करता येतो का? रेनो आणि डासियाच्या नव्या गाड्यांत आपली सेटिंगं एका स्विचवर साठवून तो दोनदा दाबला की झालं, अशी सोय आहे. शेवटी रिकामा रस्ता बघून पेडल तळापर्यंत दाबा आणि लिमिटर किती पटकन सुटतो ते पाहा. अर्धा सेकंद चाचपडत असेल, तर विक्रेत्याला खटका नेमका कुठे आहे ते दाखवायला सांगा आणि दोनदा पुन्हा करून बघितल्याशिवाय चावी परत देऊ नका.