कन्फर्मेशन कॉल आला की सावध व्हा: अमेरिकेत व्हिडिओ कॅमेरा घेतानाचा आमचा अनुभव

दिवाळीत आणि डिसेंबरच्या सुट्टीत भारतात येणारे बरेच जण येताना तिकडून कॅमेरा घेऊन येतात, म्हणून हे आत्ताच लिहितेय. थोडं लांबलंय, पण प्लीज पूर्ण वाचा, कारण पैसे भांडून परत मिळवता येतात, आमचं जे गेलं ते पैशात मोजण्यासारखं नव्हतं.

आम्ही तेव्हा न्यू जर्सीत एडिसनला राहत होतो, नवऱ्याचं प्रोजेक्ट संपत आलेलं आणि इकडे पुण्यात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलेलं. एरंडवण्यातलं कार्यालय, नाशिकची आत्या, सांगलीहून बाबांचे जुने मित्र, सगळे येणार होते. दादा म्हणाला फोटोवाला सांगितलाय पण व्हिडिओ घरच्याच माणसाने काढलेला बरा, येताना चांगला कॅमेरा घेऊन ये. मोबाइलने होतं की असं कोणीतरी म्हणेलच, पण कार्यालयात तिसऱ्या-चौथ्या रांगेतून स्टेजवरचा चेहरा जवळ आणायचा असेल तर खरा झूम लागतो आणि दोन-तीन तास मोबाइल धरून शूट करायचं म्हटलं की तो तापतो, मध्येच फोन येतात, बॅटरी उतरते. त्यामुळे कॅमकॉर्डरच हवा होता.

निवडताना मी भरपूर वाचलं. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ५००पट, १०००पट झूम लिहिलेला असतो त्याकडे बघायचंच नाही, ते डिजिटल असतं म्हणजे तेच चित्र कापून मोठं करून दाखवतात. ऑप्टिकल झूम, म्हणजे भिंगाने खरोखर जवळ आणणारा, किती तेवढं बघायचं, २०पट असला तरी आपल्या कार्यक्रमांना भरपूर होतो. हात हलला तरी चित्र स्थिर राहावं म्हणून ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन हवं. आणि ती जी अनोळखी नावाची स्वस्त कॅमकॉर्डर असतात, 'फोरके (4K, म्हणजे जास्त बारकावे टिपणारा व्हिडिओ), ४८ मेगापिक्सेल' असं लिहिलेली, त्यांच्यातल्या बहुतेकांना ऑप्टिकल झूम नसतोच आणि सेन्सर लहान असून चित्र ताणून मोठं केलेलं असतं, ती तर लांबच ठेवा. हे सगळं बघून एका नावाजलेल्या जपानी कंपनीचा फोरके कॅमकॉर्डर मी पक्का केला.

मोठ्या दुकानांत तो हजार डॉलरच्या आसपास होता. एका साइटवर, पत्ता न्यूयॉर्कचा, तोच मॉडेल सहाशेच्या आत दिसला. खाली 'यूएसए मॉडेल, यूएसए वॉरंटी' असं स्पष्ट लिहिलेलं, स्टार सगळे पाच, ऑर्डर दिली, कार्ड चार्ज झालं, ईमेल आला. आणि ईमेलमध्येच एक ओळ होती की ऑर्डर पुढे जाण्यासाठी तुमचा कन्फर्मेशन कॉल होणं आवश्यक आहे.

खरी फसवणूक इथे सुरू होते. कॉलवरचा दुकानाचा माणूस आधी फार गोड बोलला. पत्ता वाचून घेतला, अभिनंदन केलं, मग सहज विचारल्यासारखं म्हणाला की कॅमेरा कशासाठी हवाय, कधीपर्यंत हवाय. मी सांगितलं की वडिलांचा कार्यक्रम आहे भारतात आणि पुढच्या आठवड्यात फ्लाइट आहे. त्यानंतरचं सगळं बोलणं त्या फ्लाइटच्या तारखेवरच चाललं. म्हणाला या किमतीच्या सेटमध्ये बॅटरी नसते, असली तरी २० मिनिटं चालते, चार्जर वेगळा घ्यावा लागतो, भारतात जाताय तर 'इंटरनॅशनल चार्जर'च लागेल, साधा मेमरी कार्ड फोरके घेत नाही, आमचं प्रोफेशनल कार्ड घ्या. मी नको म्हटलं की आवाज बदलायचा. मग म्हणे हा सेट बॅकऑर्डरवर आहे, तीन आठवडे लागतील, पण किट घेतलंत तर आजच निघेल. कॅन्सल करते म्हटलं तर म्हणाला आता प्रोसेस झालंय, १५ टक्के रिस्टॉकिंग फी कापू. म्हणजे माल हलवलासुद्धा नाही आणि परत ठेवायची फी! नवरा शेजारी बसून ऐकत होता, त्याच्याही हातात वेळ नव्हता, पॅकिंग चाललेलं, घराचं लीज संपत होतं. शेवटी बॅटरी, चार्जर आणि १२८ जीबीचं कार्ड घेतलं आणि एकूण बिल मोठ्या दुकानाच्या किमतीच्या वर गेलं.

इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या. अमेरिकेत साधारण कोणतंही दुकान माल आवडला नाही तर परत घेतं, त्यामुळे आपण निर्धास्त असतो. पण ज्याची फ्लाइट आहे त्याच्यासाठी ती रिटर्नची मुदत असून नसल्यासारखी, आणि हे या लोकांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं. कोणत्याही सेल्समनला जायची तारीख सांगू नका. 'इथेच राहतो, घाई नाही' एवढंच सांगा.

पार्सल आलं ते निघायच्या आदल्या संध्याकाळी. बॉक्सचं सील कापून परत चिकटवलेलं. आत वॉरंटी कार्ड युरोपमधल्या देशांचं. कॅमेऱ्याच्या खालच्या लेबलवर मॉडेल नंबरच्या शेवटी 'ई' अक्षर. ही खूण माहीत असू द्या, सोनीच्या पाल पद्धतीच्या (युरोपात आणि आपल्याकडे चालणारी व्हिडिओची पद्धत, अमेरिकेची वेगळी) कॅमकॉर्डरच्या नंबरमागे 'ई' असतं आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्यांना ते नसतं. कॅननचं तर नावच वेगळं असतं, अमेरिकेत 'विक्सिया', युरोपात आणि आपल्याकडे 'लेग्रिया'. म्हणजे साइटवर एक नाव आणि हातात दुसरं आलं तर तो कॅमेरा दुसऱ्या बाजारासाठी बनलेला आहे. याला ग्रे मार्केट म्हणतात. माल बनावट नसतो, कंपनीचाच असतो, पण त्या देशातल्या अधिकृत मार्गाने आलेला नसतो, त्यामुळे अमेरिकेतली वॉरंटी लागू नाही आणि भारतातली तर नाहीच. न्यूयॉर्क राज्यात असा माल विकताना तसं ग्राहकाला कळेल असं लिहून सांगायचा कायदा आहे. आम्हाला उलट 'यूएसए मॉडेल' लिहून दिलं होतं.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली छोटे छोटे क्लिप काढून बघितले तर चित्रात काळसर पट्टे वरून खाली सरकत होते. मला वाटलं कॅमेराच खराब आहे. नंतर कळलं की अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणजे तिथला दिवा सेकंदाला १२० वेळा लुकलुकतो, आणि पालचा कॅमेरा सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम घेतो, त्याचं या दिव्याशी जमत नाही. पुण्यात ५० हर्ट्झ असल्यामुळे ते पट्टे आपोआप गेले. उलट जे अमेरिकन मॉडेल आणतात त्यांना आपल्याकडच्या कार्यालयांत हा त्रास होतो, त्यांनी शटर १/५० किंवा १/१०० वर लॉक करावं, बराच फरक पडतो. आणि कार्यालयातल्या व्हिडिओवाल्याचं शूटिंग आपल्या शूटिंगबरोबर एडिट करायचं असेल तर तो २५ फ्रेमवर काढतो आणि अमेरिकन कॅमेरा ३० वर, मग हालचाल अडखळते, हेही आधी बोलून घ्या. म्हणजे पालचा कॅमेरा पुण्यासाठी वाईट नव्हता, ते खरं, पण मग तसं सांगून विकायला काय हरकत होती.

सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बॉक्ससोबत काय काय येतं ती यादी असते, त्यात बॅटरीही आहे आणि चार्जरही. आणि मला वेगळे पैसे लावून जो 'इंटरनॅशनल चार्जर' पाठवला होता तो कंपनीचाच, युरोपच्या दोन गोल पिनांचा. बॉक्समधून काढून तोच मला परत विकला होता. बॅटरी मात्र मूळची नाहीच, कुठल्यातरी भलत्याच नावाची. आणि आजकालचे कॅमेऱ्यांचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतातच, चार्जरवरच छापलेलं असतं, त्यामुळे इंटरनॅशनल वगैरे काही वेगळं लागत नाही, पाच-दहा डॉलरचा प्लग बदलायचा अडॅप्टर पुरतो.

आता कार्डाबद्दल. हे नीट वाचा.

कार्यक्रमाच्या दिवशी दादाने स्वतः शूट केलं. गणेशपूजन, पाहुणे येणं, बाबांचं ८१ दिव्यांनी औक्षण, तुला, आणि शेवटी बाबा बोलले. बाबा कधी स्टेजवर बोलत नाहीत, त्या दिवशी बोलले, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाचं सगळं सांगितलं, शनिवार पेठेतल्या खोलीत पाणी कसं शिरलं, कोणाला कोणी खांद्यावर घेऊन बाहेर काढलं, त्यांच्या मित्राचं नाव घेतलं जो आम्ही कधी बघितलाच नव्हता. आम्ही भावंडांनी ही गोष्ट इतकी सलग पहिल्यांदा ऐकली. रात्री दादाने कार्ड लॅपटॉपला लावलं तर फाइल्सची नावं सगळी दिसत होती, साइजसुद्धा बरोबर, पण पहिला अर्धा तास सोडला तर पुढची एकही फाइल उघडेना.

दुसऱ्या दिवशी डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे गेलो. त्याने तपासून सांगितलं की कार्डात खरी मेमरी १६ जीबीच आहे, आतल्या कंट्रोलरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या चिपचं, प्रोग्रामिंग बदलून ते १२८ असल्याचं सांगतं. १६ भरली की पुढचं लिहिलेलं कुठेच साठत नाही, कॅमेऱ्याला मात्र वाटतं की सेव्ह झालं, एरर येत नाही. फोरके सेकंदाला ६० मेगाबिटवर शूट केलं तर तासाला साधारण २७ जीबी लागतात, म्हणजे १६ जीबी अर्ध्या तासाच्या जरा पुढे संपते, हिशेब तंतोतंत जुळला. एडिसनला काढलेले छोटे क्लिप म्हणूनच व्यवस्थित चालले होते. तो म्हणाला जे कधी लिहिलंच गेलं नाही ते मी काय, कोणीच काढू शकत नाही.

त्यामुळे नवीन कार्ड, कुठूनही घेतलेलं असू दे, अगदी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतून बिल घेऊन आणलेलं असू दे, पूर्ण भरून तपासल्याशिवाय कार्यक्रमाला वापरू नका. विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' आणि मॅक किंवा लिनक्सवर 'एफथ्री' नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, ते कार्ड काठोकाठ भरतं आणि परत वाचून बघतं. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. फोरकेसाठी कार्डावर 'व्ही३०' किंवा 'यू३' लिहिलेलं बघा, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. आणि मोठ्या कार्यक्रमात एकाच कार्डावर सगळं ठेवू नका, मध्ये ब्रेक मिळाला की बदला.

पैशाचं सांगते. पेमेंट क्रेडिट कार्डने होतं म्हणून वाचलो. अमेरिकेत फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्टप्रमाणे, सांगितल्याप्रमाणे माल मिळाला नाही तर पहिलं बिल पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवायचं असतं. आम्ही पुण्यातून कळवलं. साइटच्या पानाचे स्क्रीनशॉट, 'यूएसए मॉडेल' लिहिलेलं, लेबलवरच्या 'ई' चा फोटो, मॅन्युअलमधली यादी, कार्ड तपासल्याचा रिपोर्ट, सगळं जोडलं. दुकानाने उत्तर दिलं की ग्राहकाने फोनवर सगळं मान्य केलं होतं. बँकेने चार्जर आणि कार्डाचे पैसे परत दिले, कॅमेऱ्याचे दिले नाहीत कारण कॅमेरा आमच्याकडेच होता आणि चालू होता. ऑर्डर देतानाच पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, तो नसता तर हेही मिळालं नसतं, कारण नंतर त्या पानावरून 'यूएसए' शब्द गायब झाले होते.

आणि ज्यांनी ऑर्डर देऊन ठेवली आहे आणि आता फोनवर बॅकऑर्डरचं ऐकवतायत त्यांनी घाबरू नका. तिकडच्या एफटीसीच्या (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) नियमाप्रमाणे सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत माल पाठवता येत नसेल तर त्यांनी तुम्हाला कळवून कॅन्सल करायची संधी द्यायची असते आणि पूर्ण पैसे परत करायचे असतात. फोनवर भांडत बसू नका, ईमेलने 'कॅन्सल करा' असं लिहा आणि त्याच दिवशी बँकेला कळवा. घ्यायच्या आधी कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते त्यात दुकानाचं नाव शोधा, नसेल तर कितीही स्वस्त असू दे सोडून द्या. दुकानाचा पत्ता नकाशावर टाकून रस्त्यावरचं चित्र बघा, आम्ही नंतर बघितलं तर तिथे पाटी नसलेलं एक गोडाऊन होतं. तो फोन नंबर आता दुसऱ्याच नावाच्या साइटवर आहे, तोच कॅमेरा, तीच सहाशेच्या आतली किंमत, आणि खाली तीच कन्फर्मेशन कॉलची ओळ.