डिजिटल किचन काटा: पास्त्यासाठी घेतला, फक्त ते एमएलचं बटण दाबू नका

सहा महिने झाले हा काटा रोज वापरतेय. पाच किलोपर्यंत वजन घेतो, एकेक ग्रॅम दाखवतो, वर काचेची प्लेट, आत दोन पेन्सिल सेल. खरं सांगायचं तर घेतला तो पास्त्यापायीच.

लेकीच्या वाढदिवसाला रेसिपीत पेने दोन कप लिहिलं होतं, घरात होती एल्बो मॅकरोनी, म्हणजे छोट्या वाकड्या नळ्यांची, म्हटलं पास्ता तो पास्ता, त्याच कपाने दोन कप घातली आणि सॉस पुरलाच नाही, पोरांसमोर कोरडा ठणठणीत पास्ता ठेवताना फार वाईट वाटलं. काटा आल्यावर पहिलं काम तेच केलं, २४० एमएलच्या कपात मॅकरोनी भरली तर ११० ग्रॅमच्या आसपास, आणि पेने जेमतेम ८५-९०. म्हणजे दोन कपांमागे ४०-५० ग्रॅम जास्त! पेनेच्या नळ्या मोठ्या, आडव्यातिडव्या पडतात, मधे नुसती हवा, मॅकरोनी दाटीवाटीने बसते. वर कप ओट्यावर दोनदा आपटला की खाली बसते नि अजून दोन चमचे मावते, मग कप भरला म्हणायचं तरी कधी?

आपल्या शिऱ्या-उपम्याला वाटी चालते कारण रवा, पाणी सगळं एकाच वाटीने घेतो, प्रमाण सांभाळलं की झालं. पास्त्याचं पाकीट ग्रॅममध्ये आणि रेसिपी कपात, तिथे वाटी फसते.

आता एमएलचं बटण. विकणाऱ्याने लिहिलंय की ग्रॅमचं एमएल करून देतो, ते वाचून मी मॅकरोनी ठेवली, १०० ग्रॅम, बटण दाबलं तर १०० एमएल! अहो तेवढी मॅकरोनी मापात २२० एमएलच्या जवळपास भरते. ते बटण पाण्याच्या हिशोबाने चालतं, एक ग्रॅमला एक एमएल, पास्ता-रवा-पीठ कशालाच लागू नाही आणि हे कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही याचा मला राग आहे. नवीन स्वयंपाक शिकणारं पोरगं यावर विश्वास ठेवेल ना.

स्पॅगेटीला तर कप नाहीच. आडवी ठेवली की डिस्प्ले झाकला जातो, म्हणून मी स्टीलचा उंच ग्लास ठेवते, टेअर दाबून शून्य करते आणि त्यात स्पॅगेटी उभी घालते, मस्त जमतं. फक्त पटापट करा, दोन मिनिटं हात लावला नाही की काटा बंद होतो, परत चालू केला की रिकामा ग्लास ठेवून पुन्हा शून्य करा.

अमेरिकेतल्या पाकिटांवर एक सर्व्हिंग, म्हणजे एका माणसाचा वाटा, ५६ ग्रॅम असते, म्हणजे मॅकरोनीचा साधारण अर्धा कप, पण नुसता पास्ताच जेवायचा असेल तर मी मोठ्या माणसाला ८०-१०० धरते. हे सगळं कोरड्याचं हं, शिजल्यावर वजन दुपटीच्या पुढे जातं. शिजवायला पाणी १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर, मीठ १० ग्रॅम, तेही आता याच काट्यावर.

वजन अजून अचूक आहे, किलोचं साखरेचं पाकीट ठेवून मधूनमधून तपासते. चार स्टार देतेय, पाचवा त्या एमएलच्या बटणाने घालवला.