फर्स्ट कॉपी जॅकेट: शिलाई पास, लोगो नापास

आधीच कबूल करते, घेताना मला सगळं माहीत होतं. मोबाइलवर एका पेजवर जॅकेट दिसलं, खाली सरळ लिहिलेलं: 'फर्स्ट कॉपी, ओरिजिनल फिनिश, १०० टक्के वॉटरप्रूफ'. फर्स्ट कॉपी म्हणजे नावाजलेल्या ब्रँडची हुबेहूब नक्कल. किंमत १,८५०, पैसे पार्सल हातात आल्यावर. छातीवर नॉर्थ फेस या परदेशी ब्रँडच्या लोगोतल्या त्या तीन कमानी. खरं जॅकेट, म्हणजे भर पावसात टिकणारं, घ्यायला शोरूममध्ये गेलं तर वीस हजार सहज जातात. तेवढ्यात माझ्या दुकानात एक सेकंडहँड पॉवर मशीन येतं. मग ही नक्कलच घेतली.

साताऱ्यात माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे युनिफॉर्म. आणि जून लागला की रेनकोट नि सॅकच्या चेन. दिवसाला सात-आठ चेन तरी बदलते. त्यामुळे ट्रेकिंगमधलं मला फार कळतं असं समजू नका. टीप कशी मारली आहे एवढं कळतं.

पार्सल सहा दिवसांनी आलं. डिलिव्हरीवाला पोरगा म्हणाला, "काकू, आधी पैसे, मग उघडा." दिले. उघडलं आणि खरं सांगते, खूश झाले. एका इंचात दहा टाके, कुठे एक चुकलेला नाही, कुठे दोरा सुटलेला नाही. खिशाच्या दोन्ही टोकांना बारटॅक, म्हणजे टोक उसवू नये म्हणून मारलेली दाट टीप. हूडचा गोलावा असा बसवलाय की कापडाला एक चुणी नाही. ज्याने कुणी हे शिवलं त्याचा हात माझ्यापेक्षा तयार आहे. चेनच्या रनरवर वायकेके, म्हणजे नावाजलेल्या चेन कंपनीचं नाव, कोरलेलं होतं, पण फक्त पुढच्या मोठ्या चेनच्या. खिशांच्या रनरवर काहीच नाही. तिथे जरा मनात आलं, पण मी म्हटलं, असू दे.

आमचा सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्या बायकांचा ग्रुप आहे. जुलैत आम्ही चाळकेवाडीला गेलो. सज्जनगड मागे टाकून, ठोसेघर ओलांडून वर गेलं की पवनचक्क्यांचं पठार. तिथे पाऊस वरून पडतच नाही, बाजूनं येतो. छत्री उघडायची हिंमत कुणी करू नये. पहिला अर्धा तास जॅकेटनं मान ठेवला. अळूच्या पानावरून ओघळावेत तसे थेंब घरंगळून जात होते. मैत्रिणी म्हणायला लागल्या, "लिंक पाठव की."

मग छातीला डावीकडे गार लागायला लागलं. आधी वाटलं घाम असेल, कारण आत घामही बक्कळ येत होता. परत येऊन जीपमध्ये जॅकेट काढलं तर टी-शर्टवर डाव्या छातीला तळहाताएवढा ओला डाग, आणि मैत्रीण म्हणाली, "अगं, पाठीवरपण आहे, उजव्या खांद्याला." काखा तर पिळून काढण्यासारख्या. घरी आरशासमोर जॅकेट अंगासमोर धरलं तेव्हा ट्यूब पेटली. दोन्ही डाग बरोबर लोगोच्या खाली. पुढे एक, मागे एक. जॅकेट गळलं ते नावातून.

रात्री दुकानात बसून अस्तर खालून वीतभर उसवलं आणि टॉर्च मारला. लोगो मशीन एम्ब्रॉयडरीचा. म्हणजे तेवढ्याशा जागेत सुईची शेकडो भोकं, आणि वर दोरा वातीसारखा पाणी ओढणार. त्याच्या मागे काही म्हणजे काही लावलेलं नव्हतं. शिलाईची भोकं बुजवायला आतून चिकटवतात ती टेप खांद्यांना आणि हूडला होती, काखेत आणि बाजूच्या शिलाईला नव्हती. अस्तर लावलंय, कोण बघतंय? जिथे ग्राहकाची नजर जाते तिथे काम चोख, आणि जिथे पाणी जातं तिथे हात आखडता.

योगायोग असा की त्याच आठवड्यात एका मुलीचं खरं जॅकेट चेनसाठी माझ्याकडे आलं होतं, गोअर-टेक्स या वॉटरप्रूफ कापडाचं. तिला विचारून दोन्ही शेजारी पसरली. तिच्याला आतून एकूण एक शिलाईवर बोटभर रुंद टेप, गरम करून चिकटवलेली. लोगोच्या मागेही गोल ठिगळ. सुई जिथे गेली तिथे भोक पडलं, आणि भोक बुजवायचं, एवढंच त्यामागचं तत्त्व. रेनकोटला साधी टीप मारून दिली की गिऱ्हाईक आठ दिवसांत गळतं म्हणून परत येतं, हे मला वीस वर्षं माहीत आहे. १,८५० मोजताना मात्र आठवलं नाही.

कापडाचीही परीक्षा घेतली. दोन वाट्यांत कढत पाणी, वर जॅकेटची एकेक बाही ताणून रबर, त्यावर काचेची बशी. तिच्या जॅकेटवरची बशी थोड्या वेळात धुरकट झाली. माझ्यावरची जवळजवळ कोरडी. गोअर-टेक्समध्ये कापडाला एक पातळ पडदा चिकटवलेला असतो. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते. बॉब गोअर यांना १९६९ मध्ये ते मटेरियल ताणता ताणता सापडलं. माझ्या जॅकेटला आतून नुसता पांढरा लेप होता. पाणी अडवतो, वाफही अडवतो. म्हणून तो घाम. आमची आजी जावळीतल्या पावसात घोंगडीची खोळ घेऊन भात लावायची. घोंगडी भिजायची, पण भिजूनही ऊब द्यायची. या जॅकेटमध्ये ना कोरडेपणा, ना ऊब.

'त्याच फॅक्टरीतला उरलेला माल असतो हो' असं सगळेच सांगतात. मीही स्वतःला हेच सांगितलं होतं. पण गोअर-टेक्स बनवणारी गोअर कंपनी आपलं कापड ठरावीक, परवाना दिलेल्या कारखान्यांनाच देते, आणि शिलाईवर टेप कशी लागली पाहिजे हेही तीच ठरवते. मागच्या दाराने बाहेर पडलेला माल असता तर निदान कापड तरी ते असतं.

आता दुसरा हिशेब, जो मला जास्त टोचला. या जॅकेटचे तुकडे मोजले तर साठाच्या आसपास भरले. मी एकटी बसले तर दोन दिवस जातील. १,८५० मधून कापड, चेन, कुरिअर, पेजवाला, मधले दोन-चार जण वजा केले की त्या तयार हाताला काय उरलं असेल? शाळेतल्या एखाद्या मुलालाही मी हे गणित घातलं नसतं.

आणि मी काही धुतल्या तांदळाची नाही. काही वर्षांपूर्वी एक जण टी-शर्टांचा गठ्ठा आणि लेबलांची पिशवी घेऊन आला होता. एका लेबलामागे दोन रुपये. मी दीडशे लावली. तो परत आला नाही म्हणून थांबले, मन खाल्लं म्हणून नव्हे. पुढे कधीतरी वाचलं की १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्यात खोटं नाव लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. तीनशे रुपयांसाठी!

मोठ्या कंपन्या फार सज्जन असतात असंही मी म्हणणार नाही. २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळली, अकराशेच्या वर माणसं गेली, आणि आत नामांकित परदेशी ब्रँडचे खरे कपडे शिवले जात होते. पण तिथे एक गोष्ट झाली. ढिगाऱ्यात लेबलं सापडली आणि लोकांनी ती हातात धरून त्या त्या कंपनीला जाब विचारला. लेबल म्हणजे पत्ता असतो, भांडायला जायचा का होईना. माझ्या जॅकेटच्या टॅगवर बारकोड आहे, परदेशी भाषेत चार ओळी आहेत, पण कुणी बनवलं, कुणी आणलं, काही नाही. ज्याच्याकडे भांडायला जावं असा माणूसच त्यात नाही.

पेजवाल्याला ओल्या टी-शर्टचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, मग मी ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फिरवायला घेतला आणि हसूच आलं. काय सांगणार, साहेब, नक्कल चांगली निघाली नाही?

या पैशात काय घ्यावं असं विचाराल तर डेकॅथलॉनचं साधं, सगळ्या शिलाईला टेप असलेलं रेनजॅकेट बघा. दुकानात गेलात तर आतून उलटं करा, काखेत बोट फिरवा आणि टेप हाताला लागते का बघा. अस्तरामुळे आत बघता येत नसेल तर विकणाऱ्याला विचारा. त्याच्या तोंडावरून कळेल.

माझ्या जॅकेटचा लोगो उसवून टाकणार होते. पण उसवला तर भोकं उघडी पडतात आणि आणखी गळतं, म्हणून तो जागेवरच आहे. मागून जुन्या छत्रीचं कापड कापून चिकटवलंय. स्कूटरवर पोवई नाक्यापर्यंत जायला चालतं. मैत्रिणींना लिंक पाठवली नाही. पाचपैकी दीड, तेही त्या शिवणाऱ्याच्या हाताला.