जेम्सटाउन आणि प्लिमथ : उत्तर अमेरिकेतील दोन इंग्रज वसाहती

१६०७ मध्ये व्हर्जिनिया कंपनी या इंग्रज व्यापारी कंपनीने वसवलेल्या जेम्सटाउनमागे नफ्याची आशा होती; सोने काही सापडले नाही, उलट १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीने बहुतेक वसाहतकरी दगावले. पुढे जॉन रॉल्फ या वसाहतकऱ्याने रुजवलेल्या तंबाखूने वसाहत तगली, मात्र त्या पिकाला लागणारी जमीन स्थानिक पोहॅटन लोकांकडून बळकावली गेली आणि मजुरीसाठी आधी करारबद्ध इंग्रज नोकर व पुढे मुख्यतः गुलाम आफ्रिकी माणसे राबवली गेली.

प्लिमथला १६२० मध्ये उतरलेल्यांपैकी अनेकजण धर्मस्वातंत्र्यासाठी कुटुंबकबिल्यासह आले होते. पहिल्या हिवाळ्यात निम्मे दगावले. उरलेल्यांना टिस्क्वांटम या स्थानिक मूळनिवासी माणसाने मक्याची लागवड शिकवली. अर्थात, लंडनच्या व्यापाऱ्यांचे कर्ज याही भाविकांच्या डोक्यावर होतेच.